फायबर इंटरनेटच्या केबलसाठी भिंतीतला पाइप की वरून केसिंग पट्टी?

घराचं काम चालू असेल आणि भिंती अजून उघड्या असतील, तर भिंतीतून २५ मिमीचा पीव्हीसी पाइप टाकून घ्याच. केबल जिथून आत येते त्या दारावरच्या डक्टपासून हॉलमधल्या राउटरच्या जागेपर्यंत सलग पाइप हवा आणि नंतर केबल ओढायला आत नायलॉनची दोरी सोडून ठेवावी. कोपऱ्यात काटकोनी एल्बो मात्र अजिबात नको. फायबरमध्ये काचेचा तंतू असतो. तो फार वाकला की प्रकाश बाहेर निसटतो आणि सिग्नल पडतो. त्यामुळे लांब वळणाचा बेंड लावा, दोन वळणांनंतर एक जंक्शन बॉक्स द्या. लाइटच्या वायरींच्या पाइपातूनच केबल ओढू, असं वायरमन म्हणेल, ऐकू नका. घरात येणाऱ्या बऱ्याच फायबर केबलमध्ये ताणासाठी स्टीलची तार असते आणि तिच्यातून वीज वाहू शकते.

राहत्या घरात केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवर लावायची झाकणाची पट्टी, बरी. भिंत फोडायची गरज नाही, दुपारभरात काम होतं. केबल बिघडली तर झाकण काढून बदलता येते, पाइपात अडकली तर तेवढं सोपं नसतं. पट्टी डोळ्यांत खुपते हे खरं, पण स्कर्टिंगला लागून नेली तर फारशी जाणवत नाही. नुसत्या दुहेरी टेपवर विसंबू नका, मधे मधे स्क्रू मारून घ्या.

भाड्याच्या घरात तर मी पट्टीच सुचवेन. आणि पाइप असो की पट्टी, राउटरजवळ प्लगचे दोन पॉइंट हवेतच, हे बहुतेक जण विसरतात.