‘फक्त चार नावं बदलायची आहेत’ : कुलूपबंद पीडीएफसोबत आठ महिने

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि गावातल्या वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. “ताई, आपली पंच्याहत्तरीची स्मरणिका आहे ना, तीच पुन्हा काढायचीय. पीडीएफ आहे माझ्याकडे. फक्त चार नावं बदलायची आहेत.” मी घरून डीटीपीची, म्हणजे संगणकावर पानं जुळवून देण्याची, कामं घेते. चार नावं म्हणजे संध्याकाळचा चहा होईपर्यंत काम संपेल, असा हिशेब करून मी हो म्हटलं. त्या ९६ पानांनी मला पुढचे काही महिने पीडीएफ शिकवली. नंतर याच तऱ्हेची आणखी कामं येत गेली, त्यामुळे आता आठ महिन्यांनी काय चाललं आणि काय नाही ते लिहिते आहे.

फाइल उघडत होती, वाचता येत होती, छापताही येत होती. कॉपी मात्र होईना आणि वर ‘सिक्युअर्ड’ अशी पाटी. ज्यांनी तेव्हा जुळणी केली होती त्यांनी धंदाच बंद केलेला, मूळ फाइल कुणाकडेच नाही. कार्यवाहांच्या मते अडचण एकच, पासवर्ड. मलाही तसंच वाटलं होतं. पण कुलूप हा त्यातला सगळ्यात सोपा भाग निघाला.

पीडीएफला दोन तऱ्हेचे पासवर्ड असू शकतात. एक उघडण्याचा. ई-आधार डाउनलोड केल्यावर नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मवर्ष टाकतो ना, तो हा. तो माहीत नसेल तर आतला मजकूरच सांकेतिक स्वरूपात असतो, पान दिसतसुद्धा नाही. दुसरा परवानग्यांचा : वाचा, पण कॉपी करू नका, बदलू नका. या दुसऱ्या प्रकारात फाइल कुठलाही प्रोग्रॅम बिनपासवर्डचा उघडतो. पुढची मनाई पाळायची की नाही हे त्या प्रोग्रॅमच्या हातात असतं. दाराला कडी नाही, नुसती ‘आत येऊ नये’ अशी पाटी. लिनक्सवरच्या ऑक्युलर नावाच्या पीडीएफ वाचायच्या प्रोग्रॅममध्ये तर ही बंधनं पाळायची की नाही यासाठी सेटिंगमध्ये चक्क एक चौकोन आहे, खूण काढली की झालं. तो पाहून मला हसूच आलं.

कुलूप काढायला मी वापरते ते क्यूपीडीएफ. फुकट आहे, छोटं आहे, पण बटणं नाहीत. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत टाइप करावं लागतं : प्रोग्रॅमचं नाव, दोन आडव्या रेघा लावून ‘डिक्रिप्ट’, मग जुन्या फाइलचं नाव, मग नव्या फाइलचं. एंटर मारला की डोळ्याचं पातं लवायच्या आत नवी फाइल तयार. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल तर छपाईला परवानगी असलेली फाइल क्रोममध्ये उघडून प्रिंटमधून ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ केली तरी बिनकुलपाची प्रत मिळते. उघडण्याचा पासवर्ड ठाऊक असेल तर त्या फाइललाही हे दोन्ही उपाय चालतात.

हे करण्याआधी मी कार्यवाहांकडून व्हॉट्सॲपवर का होईना, ‘स्मरणिका आमची आहे, कुलूप काढायला हरकत नाही’ असं लिहून घेतलं. हा नियम तेव्हापासून मोडलेला नाही. मधे एक गृहस्थ डिजिटल सही असलेला सातबारा घेऊन आले, क्षेत्राचा आकडा ‘जरा नीट’ करून हवा होता. त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. डिजिटल सही झाल्यावर आत काहीही बदललं की तपासणीत ती मोडलेली दिसते, हे तर आहेच. पण सही नसती तरी ते काम मी घेतलं नसतं.

पहिल्या आठवड्यात एक चूक केली, तीही सांगते. ‘फुकट अनलॉक’ म्हणणाऱ्या एका संकेतस्थळावर फाइल चढवली. चारच पानं हातात आली आणि पुढच्या पानांसाठी कार्ड नंबर मागितला. पैशाचं सोडा. त्या स्मरणिकेत मागे सगळ्या देणगीदारांचे पत्ते आणि फोन होते, आणि ती फाइल आता कुठल्या सर्व्हरवर पडली आहे देव जाणे. त्यानंतर दुसऱ्याची कागदपत्रं मी अशा ठिकाणी कधीच टाकली नाहीत.

कुलूप निघालं, कॉपी सुरू झाली. मी पहिला परिच्छेद उचलून वर्डमध्ये टाकला आणि समोर इंग्रजी अक्षरांची खिचडी. ज्यांनी जुन्या फॉन्टांत काम केलंय त्यांना हे दृश्य ओळखीचं असेल. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द कॉपी केला तर ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं पडतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर देवनागरीचा अंगरखा चढवतो. श्रीलिपी काय, कृतिदेव काय, प्रत्येकाचा अंगरखा वेगळा. तेव्हा फाइल हातात आली की मी आता सगळ्यात आधी ॲडोबी रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबते. ‘सिक्युरिटी’त कुलूप कसलं ते कळतं आणि ‘फॉन्ट्स’मध्ये यादी दिसते. ही यादी म्हणजे रोग्याची नाडी.

यादीत जुना फॉन्ट दिसला तर त्याचा कन्व्हर्टर, म्हणजे त्यातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारा प्रोग्रॅम, शोधायचा. कृतिदेवचे भरपूर मिळतात आणि बरे चालतात. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार मात्र डोळ्यांखालून घालावे लागतात, कारण जुन्या पद्धतीत वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर, कन्व्हर्टरला त्यांच्या जागांची अदलाबदल करावी लागते. माझ्या स्मरणिकेतल्या फॉन्टला मात्र कुठलाच कन्व्हर्टर पूर्णपणे बसला नाही. जोडाक्षरं आली की गाडी रुळावरून खाली.

युनिकोड फॉन्ट असला म्हणजे सुटलो, असं वाटायचं. तेही खरं नाही. पीडीएफमध्ये शब्द साठवलेले नसतात. कुठल्या आकृतीचा ठसा पानावर कुठे मारायचा, एवढंच असतं. ‘विद्यार्थी’मध्ये वेलांटीचा ठसा आधी, मग व, मग ‘द्य’ हा अख्खा एक ठसा, आणि रफार शेवटी. कुठला ठसा म्हणजे कुठलं अक्षर याचा तक्ता फाइलमध्ये नीट नसेल तर कॉपी केल्यावर वेलांटी आधी पडते, ‘द्य’ गायब होतो आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. वर्ड २०१३ पासून पीडीएफ थेट उघडून तिचं वर्ड करून देतं, आणि साध्या इंग्रजी पत्रांना मी तेच वापरते. मराठीच्या बाबतीत मात्र फाइलमध्येच तक्ता धड नसेल तर वर्डने तरी कुठून आणायचा?

मग कुणीतरी लिबरऑफिस ड्रॉ सुचवलं. यात पीडीएफचं पान चित्रासारखं उघडतं आणि प्रत्येक ओळ, कधी ओळीचा तुकडाही, सुटा चौकोन बनून येतो. ६.४ आवृत्तीपासून असे तुकडे निवडून एकत्र जोडायची सोय आहे. एखादी तारीख, एखादा फोन नंबर, पत्रकावरची वेळ बदलायला हे उत्तम. पण फॉन्ट तुमच्या संगणकात नसला की दुसराच चढतो आणि ओळ लांबते. इथे एक गंमत आहे. पीडीएफमध्ये बहुधा अख्खा फॉन्ट भरलेला नसतो, वापरलेली अक्षरंच भरलेली असतात. फाइलमध्ये कुठेच ‘ढ’ नसेल आणि नव्या अध्यक्षांचं आडनाव ढवळे असेल, तर त्या फाइलमधल्या फॉन्टात ढ लिहिताच येत नाही. बदलायच्या चार नावांपैकी दोन नावं मला अशीच नडली. तिथे मी हात टेकले आणि ठरवलं, ही फाइल दुरुस्त करायची नाही. मजकूर बाहेर काढायचा आणि नव्याने जुळणी करायची.

म्हणजे ओसीआर. पानाचं चित्र बघून अक्षरं ओळखणं. कुलूप, फॉन्ट, तक्ता, सगळ्या भानगडी यात एका झटक्यात मागे पडतात, कारण प्रोग्रॅम माणसासारखं पान बघतो. टेसरॅक्ट हे त्यातलं जुनं नाव. एचपी कंपनीत ते जन्मलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं. मराठीचा वेगळा संच आहे, तो मुद्दाम उतरवून घ्यावा लागतो. हिंदीचा संच लावून मराठी वाचायला गेलात तर ‘ळ’ आणि ‘ऱ्या’ रडवतात. टेसरॅक्टही मुळात काळ्या खिडकीतलंच, पण जीइमेजरीडर नावाचा फुकट प्रोग्रॅम त्याला बटणं लावून देतो. माझं आठ महिन्यांतलं निम्म्याहून जास्त काम यावर झालं आहे.

जीइमेजरीडर मला आवडण्याचं कारण म्हणजे पानावर माउसने चौकट काढून ‘एवढंच वाच’ असं सांगता येतं. स्मरणिकेत दोन कॉलम, मधे फोटो, खाली सराफाची जाहिरात. सगळं पान एकदम दिलं तर एका कॉलमची ओळ दुसऱ्यात घुसते. चौकटी काढून दिल्या की शहाण्यासारखं वाचतं. पानाचं चित्र ३०० डीपीआयच्या (इंचामागे ३०० ठिपक्यांच्या) खाली द्यायचं नाही, हे मी स्वतःला बजावून ठेवलंय.

एक शोध अपघातानेच लागला. जाहिरातींच्या पानांवर फॉन्टची यादी रिकामी होती. मी समजले, स्कॅन असणार. मोठं करून पाहिलं तर अक्षरांच्या कडा सुरीसारख्या धारदार! तेव्हा ट्यूब पेटली. कोरल या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून, दिलेली पानं ती. छापखान्यात फॉन्टचा घोळ नको म्हणून आम्हीच सगळे असं करत आलोय, आणि तीच चलाखी आता माझ्यावर उलटली होती. कर्व्ह केलेल्या पानात अक्षर उरतच नाही, नुसती आकृती उरते. पण ओसीआरला अशी पानं म्हणजे मेजवानी, कारण डाग नाही, तिरकेपणा नाही. याउलट १९५० च्या आसपासची पत्रं स्कॅन करून टाकली होती, ती मला शेवटी हातानेच टाइप करावी लागली.

चुका होतातच. भ चा म, घ चा ध, थ चा य, आणि अनुस्वार तर उन्हाळ्यातल्या पाण्यासारखा उडून जातो. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे एका ओळीत आले की गोंधळ. नीट छापलेल्या पानाला वाचून दुरुस्त करण्यासकट मला दहा-बारा मिनिटं लागतात. तेच पान टाइप करायला अर्धा तास गेला असता.

गूगल ड्राइव्हवर फाइल टाकून उजव्या क्लिकने ‘गूगल डॉक्स’मध्ये उघडली तरी ओसीआर होतं. मराठीला वेगळी भाषा निवडावी लागत नाही, आणि अंधुक स्कॅनवर मला ते टेसरॅक्टपेक्षा सरस वाटलं. गूगलचं सांगणं आहे की फाइल २ एमबीच्या आत ठेवा, आणि कोष्टकं, कॉलम, तळटीपा ओळखल्या जातीलच असं नाही. म्हणून मी चार-पाच पानांचे तुकडे करून टाकते. अर्थात खासगी काही असेल तर नाहीच.

ओसीआरमायपीडीएफबद्दल बरेच जण विचारतात. ते वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं. पानाचं चित्र तसंच ठेवून त्याखाली अदृश्य मजकुराचा थर घालतं, म्हणजे फाइलमध्ये शब्द शोधता येतो. बदल करता येत नाही. विंडोजवर बसवायला मला एक अख्खी दुपार लागली. जुन्या फॉन्टची खिचडी आधीच आत असेल तर ते ‘इथे मजकूर आहे’ म्हणून अडून बसतं, तेव्हा ‘फोर्स’चा पर्याय द्यावा लागतो. वाचनालयाच्या जुन्या अहवालांसाठी मी हेच वापरलं आणि कार्यवाह खूश आहेत. आता आजोबांचं नाव टाइप केलं की पान सापडतं.

पैसे देऊन घ्यायचं मोठं सॉफ्टवेअर मी घेतलं नाही. महिन्याला दोन-तीन कामांसाठी ते परवडत नाही, तेव्हा त्याबद्दल बोलत नाही.

राहिली देणगीदारांची यादी. नाव, गाव, रक्कम अशी तीन रकान्यांची अकरा पानं. ओसीआरने नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे टाकल्या. पाचशे कुणाचे नि पाच हजार कुणाचे, ताळमेळच लागेना. शेजारच्या काकूंना बोलावलं. त्या वाचत गेल्या, मी टाइप करत गेले. मधेमधे “अगं, हे आमच्या बहिणीचे दीर!” असं चालू. दीड दिवस गेला, पण यादीत एक चूक निघाली नाही.

चूक निघाली ती दुसरीकडे. स्मरणिका छापायला जाण्याच्या आदल्या दिवशी विश्वस्त मंडळातल्या एकांचा फोन आला. संतापलेले नव्हते, पण आवाज कोरडा होता. “पान सातवर आमचं आडनाव मागवत झालंय.” भागवतांचं मागवत. चार वेळा वाचलेल्या पानात. वर्डची फाइल उघडली, म चा भ केला, नवी पीडीएफ काढून पाठवली. दोन मिनिटांचं काम. कुलूप लावू का, असं मी कार्यवाहांना विचारलं, तर म्हणाले, “नको ताई, आणि ती वर्डची फाइलपण वाचनालयाच्या पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा.”