ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती? क्यू उद्यानाच्या वनस्पती-नाव सेवेबद्दल

औषधी वनस्पतीचे बोलीतले नाव शास्त्रीय नावाशी जुळवायचे असेल, तर लंडनच्या क्यू उद्यानाची ‘मेडिसिनल प्लांट नेम्स सर्व्हिसेस’ ही मोफत ऑनलाइन सेवा आधी उघडावी. नाव टाकले की ते कोणत्या ग्रंथात कोणत्या वनस्पतीसाठी वापरले आहे ते दिसते. सोबत आजचे मान्य शास्त्रीय नाव आणि मागे पडलेली नावेही मिळतात.

तिचा खरा उपयोग या जुन्या नावांसाठीच आहे. अडुळशाचे अधाटोडा व्हासिका आता जस्टिशिया अधाटोडा झाले. आवळ्याचे एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस फायलँथस एम्ब्लिका झाले आणि सोनामुखीचे कॅसिया अँगुस्टिफोलिया सेना अलेक्झांड्रिना. तुळशीला लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानेच दोन नावे दिली होती, 1753 मध्ये ओसिमम टेन्युइफ्लोरम आणि 1767 मध्ये ओसिमम सँक्टम. आधीचे नाव ग्राह्य, हा नियम असल्याने पवित्र अर्थाचे दुसरे नाव मागे पडले, पण औषधांच्या वेष्टनांवर ते अजून छापले जाते. त्यामुळे संशोधन शोधताना नुसते नवे नाव टाकले तर जुने लेख हातून निसटतात. सेवेने दिलेली सगळी पर्यायी नावे उतरवून घ्या आणि प्रत्येकाने वेगळा शोध घ्या.

बोलीतल्या नावांबाबत मात्र पहिल्या उत्तरावर थांबू नका. ब्राह्मी म्हणून बकोपा मोनिएरीही विकली जाते आणि सेंटेला एशियाटिकाही. ताज्या झाडात फरक सहज कळतो: बकोपाची पाने लहान, जाडसर, जवळजवळ बिनदेठाची आणि समोरासमोर असतात, तर सेंटेलाचे पान गोलसर, लांब देठाचे आणि देठाशी खाच असलेले असते. चूर्ण झाले की डोळ्यांना काही उरत नाही. शंखपुष्पीचा गुंता याहून मोठा. कॉन्व्हॉल्व्ह्युलस, इव्हॉल्व्ह्युलस आणि गोकर्ण म्हणजे क्लिटोरिया, तिन्हींना हे नाव लावतात. अशोकाची साल सराका असोकाची हवी. शोभेसाठी लावतात तो उंच, सरळसोट ‘अशोक’ मोनून लाँगिफोलियम आहे आणि त्याचे कुळही वेगळे.

नावाच्या घोटाळ्याने काय होते, हे बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दिसले. वजन कमी करण्याच्या गोळ्यांत स्टेफानिया टेट्रँड्राच्या जागी ॲरिस्टोलोकिया फांगची गेली. दोघींच्या चिनी नावांत ‘फांगजी’ हा शब्द सामाईक आहे. ॲरिस्टोलोकियातील आम्लाने शंभराहून अधिक लोकांची मूत्रपिंडे निकामी केली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला.

आता उणिवा. देशी नावांची रोमन स्पेलिंग एकसारखी नसतात. गुळवेल एका स्पेलिंगने सापडली नाही तर दुसरे करून पाहा, ‘गुडुची’ टाका, किंवा थेट टिनोस्पोरा हे प्रजातीनाम, म्हणजे शास्त्रीय नावाचे पहिले पद, देऊन यादी वाचा. लॅटिन नावातले एक अक्षर चुकले तरी निकाल रिकामा येऊ शकतो. अशा वेळीही नुसते पहिले पद टाकावे. आणि एक गोष्ट कोणतीही नामसूची करू शकत नाही: पुडीत खरोखर काय आहे ते सांगणे. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, रासायनिक चाचणी किंवा डीएनए चाचणीच लागते.

औषधी वनस्पतीची मागणी नोंदवताना मान्य शास्त्रीय नाव, ते देणाऱ्या शास्त्रज्ञाचे संक्षिप्त नाव (‘एल.’ म्हणजे लिनियस), कुळ आणि वनस्पतीचा भाग, एवढे लिहाच. बोलीतले नाव सर्वांत शेवटी, कंसात.