जिवंत आमिषासाठी बाटलीचा सापळा की पाग?

मरळ गळाला लावायची तर जिवंत छोट्या माशासारखं आमिष नाही. ते छोटे मासे धरायचे कसे, यावर आमच्या ओढ्याकाठी दोन तट आहेत.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. तो टाकणाऱ्यांचं म्हणणं, एका फेकीत काम होतं. हात बसलेला असेल तर खरंच होतं. पण तो बसायला एक पावसाळा जातो, आणि तळाला दगड, काट्याकुट्या असल्या की जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या अडकून जाळं फाटतं. शिवाय जाळ्यात घासून माशांचे खवले जातात. असा दांडवण, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, गळावर फार टिकत नाही.

मी सापळेवाला. दोन लिटरची थंड पेयाची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, दोऱ्याने शिवायचा. तापलेल्या सुईने भोकं पाडायची, आत दोन खडे आणि कणकेचा गोळा किंवा शेंगदाण्याची पेंड. गुडघाभर पाण्यात, गवताच्या कडेला ठेवायचं, तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला. मासे वासाने प्रवाहाविरुद्ध वर येतात, आत शिरतात आणि अरुंद तोंड त्यांना पुन्हा सापडत नाही. तासाभराने बघा. रात्रभर विसरलात तर दाटीने गुदमरून निम्मे मेलेले मिळतील, मी विसरलोय.

रोहू-कटल्याची पिल्लं आली तर सोडून द्या. उरलेलं आमिष मात्र दुसऱ्या तळ्यात ओतू नका. परके मासे असेच पसरतात; १९५२मध्ये भारतात आणलेला तिलापिया मासा आज कुठे नाही ते सांगा.

घाईत असाल आणि तळ वाळूचा असेल, तर पाग. एरवी बाटली.