मे महिन्यात कोलाडची कयाक की कळसूबाई?

उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्या आटतात, कुंडलिका मात्र वाहती असते. त्यामागे वीजनिर्मिती आहे. पूर्वेकडे जाणारं मुळशी धरणाचं पाणी बोगद्यांतून घाटाखाली भिऱ्याला उतरवतात आणि वीज तयार झाली की ते कुंडलिकेत सोडतात. म्हणून कुंडलिकेकाठच्या कोलाडला भर मे महिन्यातही कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, चालवता येते. पाणी सोडण्याची वेळ मात्र आदल्या दिवशी फोन करून विचारावी.

कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वाट चढते, अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. मे महिन्यात दुपारी तिथला कातळ तव्यासारखा तापतो, त्यामुळे पहाटे अंधारातच निघावं आणि ऊन चढायच्या आत उतरावं. माणशी तीन लिटर पाणी घ्याच, माथ्यावर मिळेल या भरवशावर राहू नका.

आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर मी डोळे झाकून कोलाड म्हणेन. ज्यांना वल्हवायचं नाही त्यांना काठावर झाडाखाली बसून गप्पा मारता येतात. कळसूबाईच्या शिड्यांवर गुडघे कुरकुरले तर परतीची वाटही तीच असते. कोलाडला लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यानेही घालायचं. मामा-काका मंडळी इथेच हुज्जत घालतात.

खर्चात कळसूबाई स्वस्त. मित्रांचा गट असेल तर तीच निवडा, तीही मेअखेरीस: वळीव पडून गेला असेल तर जवळच्या भंडारदऱ्याच्या परिसरात रात्री काजवे दिसतात.