छताला टांगलेला कॉम्प्रेसर: उचल-मंचाचा आठ महिन्यांचा अनुभव

जेमतेम तीन मीटर रुंदीच्या वर्कशॉपमध्ये 50 लिटर टाकीचा हवेचा कॉम्प्रेसर जमिनीवर ठेवला की वर्कबेंचपाशी धड उभे राहता येत नाही, म्हणून तो छताला टांगण्यासाठी मी हाताने फिरवायच्या विंचचा (दोर गुंडाळून भार उचलणाऱ्या यंत्राचा) उचल-मंच घेतला. लोखंडी मंच, चार कोपऱ्यांना चार वायर रोप, भिंतीवरची विंच आणि छताला ठोकायची दोन चॅनेल, एवढाच हा संच आहे. खोक्यावर 100 किलोंची क्षमता छापलेली आहे. माझा कॉम्प्रेसर सुमारे 40 किलोंचा आहे.

विंच खरोखर उत्तम आहे. वर्म गिअरमुळे हँडल मध्येच सोडले तरी मंच घसरत नाही, आणि भार एका हाताने निवांत वर जातो.

सोबत आलेले 8 मिमीचे फास्टनर, म्हणजे काँक्रीटच्या भोकात पकडणारे बोल्ट, मात्र मी वापरले नाहीत. भिंतीवरच्या फळीचा बोल्ट मुख्यतः आडवा, म्हणजे बोल्टच्या लांबीला काटकोनात येणारा भार घेतो. छतातला बोल्ट सतत सरळ खाली ओढला जातो, आणि त्यात कॉम्प्रेसरची थरथर. शिवाय दोन बीममधल्या स्लॅबचा तळ वजनाने ताणला जाणारा भाग असल्यामुळे केसासारख्या भेगा तिथेच पडतात, आणि अशी भेग नेमकी भोकातून गेली तर साध्या फास्टनरची पकड सुटू शकते. म्हणून भेगाळलेल्या काँक्रीटसाठी प्रमाणित केलेले 12 मिमीचे फास्टनर आणले. भोकाची खोली मोजताना गिलावा धरायचा नाही, भोकातली भुकटी ब्रशने आणि हवेने पुरती काढायची, सळई लागली तर भोक सरकवायचे, यांपैकी एकही गोष्ट माहितीपत्रकात नाही; तिथे फक्त हसऱ्या माणसाचे एक चित्र आहे.

दुसरी त्रुटी अधिक गंभीर वाटली. वायर रोपच्या एका क्लिपचा यू-बोल्ट कारखान्यातूनच उलटा, म्हणजे भार घेणाऱ्या दोरावर आवळलेला होता, त्यामुळे तिथल्या तारा चेपल्या होत्या. यू-बोल्ट नेहमी मोकळ्या टोकावर आणि खोगीर, म्हणजे क्लिपचा खोबणीचा भाग, भाराच्या दोरावर हवे. तो दोर मी बदलला. मंच वर गेल्यावर भार दोरांवरून उतरवणाऱ्या पिनाही दोनच कोपऱ्यांना दिल्या आहेत. उरलेल्या दोन कोपऱ्यांना मी क्षमता छापलेल्या साखळ्या लावल्या.

कॉम्प्रेसर वर गेल्यावर खरी अडचण होते ती पाण्याची. टाकीच्या तळात साचणारे पाणी रोज काढावे लागते आणि त्यासाठी रोज शिडी कोण चढणार? ड्रेन कॉकला टाकीचा दाब सहन करणारी नळी जोडून, छातीएवढ्या उंचीवर बॉल व्हॉल्व्ह बसवल्यावर हा प्रश्न सुटला. रेग्युलेटर आणि दाबाचा काटाही भिंतीवर घेतला. छताजवळ गरम हवा साचते, म्हणून मंच अगदी वर न भिडवता हातभर खाली ठेवला आहे.

धूळ ओढणारा ब्लोअर किंवा कॉम्प्रेसर, म्हणजे ज्याला दिवसभर हात लावावा लागत नाही, अशा यंत्रासाठी हा संच घ्यायला हरकत नाही. रोज खाली-वर करायच्या यंत्रासाठी मी तो सुचवणार नाही. प्रत्येक नटावरून चॅनेलवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. गेल्या महिन्यात आठांपैकी एका नटाची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली दिसली. तो कसून त्यावर दुसरा नट चढवला आहे.