रंगीत पेन्सिलींनी प्राण्यांची चित्रे : रंग एकजीव करण्याच्या तीन पद्धतींचा अनुभव

मांजर, कुत्रा आणि घोडा यांची चित्रे काढताना गेले काही महिने मी गंधरहित मिनरल स्पिरिट हे द्रावक, रंगहीन ब्लेंडर पेन्सिल आणि फिकट पेन्सिलीने जोर देऊन घोटणे, म्हणजेच बर्निशिंग, अशा तिन्ही पद्धती आलटून पालटून वापरल्या. केसाळ कातडी रंगवताना रंग कुठे एकजीव करायचा नाही हे आधी ठरवावे लागते, असे माझे मत झाले आहे.

सर्वाधिक उपयोग झाला तो स्पिरिटचा. ते पेन्सिलीतील मेण किंवा तेल विरघळवते, त्यामुळे रंग कागदाच्या खळग्यांत उतरतो आणि पांढरे ठिपके नाहीसे होतात. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, जाड) सुती, हॉट प्रेस्ड म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या कागदावर पट्टेदार मांजराचा गाल रंगवताना मी मलई रंग आणि गेरू यांचे हलके थर देते, जवळजवळ कोरडा ब्रश केसांच्या दिशेने फिरवते आणि कागद पूर्ण वाळल्यावरच टोकदार गडद तपकिरी पेन्सिलीने आखूड फटकारे मारते. या वरच्या फटकाऱ्यांना पुन्हा स्पिरिट लावल्यास त्यांच्या कडा विरतात. पोटाखालच्या मऊ लवेसाठी ते चालते, कपाळावरच्या पट्ट्यांसाठी नाही. (स्पिरिट गंधरहित असले तरी त्याची वाफ होतेच, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.)

रंगहीन ब्लेंडर म्हणजे रंगद्रव्याविना पेन्सिलीचा गाभा. तो कागदाचा खरखरीतपणा बुजवतो आणि त्यानंतर वरचा रंग नीट धरत नाही, त्यामुळे केसांच्या भागात त्याने माझी निराशाच केली. बर्निशिंगचेही तेच, मात्र कुत्र्याचे ओलसर नाक आणि घोड्याचा डोळा यांना जी काचेसारखी चकाकी लागते, ती याच पद्धतीने मिळते. घोड्याची आडवी बाहुली गडद निळा आणि तपकिरी यांच्या थरांवर काळा देऊन घोटल्यावर खोल दिसते. नुसता काळा सपाट वाटतो. तपकिरी भाग घोटायला पांढऱ्यापेक्षा मलई रंग बरा, कारण पांढऱ्याने तो खडूसारखा फिकटतो.

पेन्सिलीच्या जातीनेही फरक पडतो. मेणाच्या पेन्सिली सहज मिसळतात, पण दाट काळ्या भागावर काही दिवसांनी पांढुरकी साय धरते. ती मऊ कापडाने हलकेच पुसता येते. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोससारख्या तेलाधारित पेन्सिलींना हा त्रास फारसा होत नाही आणि त्यांचे टोकही जास्त टिकते, म्हणून वरच्या केसांसाठी मी त्याच वापरते.

मिशांसाठी बोथट टोकाने आधी कागदावर चर पाडण्याची युक्ती चांगली आहे, कारण पेन्सिलीचा रंग चरांत न शिरता त्या रेषा पांढऱ्या राहतात; परंतु स्पिरिट वापरायचे असल्यास विरघळलेला रंग त्या चरांत उतरतो. अशा चित्रात पात्याने रंग खरवडून मिशा काढणे मला अधिक सोयीचे वाटले. सध्याची ब्लेंडर पेन्सिल संपल्यावर नवी घेण्याचा माझा विचार नाही.