कूलप्रॉप: हीट एक्सचेंजर डिझाइन करणाऱ्यांनी हे वापराच

फ्लुइडची स्पेसिफिक हीट (सीपी, म्हणजे एक किलोला एक डिग्री तापवायला लागणारी उष्णता) हवी असली की अजूनही बरेच जण पुस्तकाच्या मागचा टेबल उघडतात, 25 डिग्रीचा आकडा उचलतात आणि पुढे जातात. नुसत्या पाण्याला ते चालून जातं, 25 ला 4.18 आणि 100 ला 4.22 (किलोज्यूल, दर किलो दर डिग्री), फरक काय तो एवढाच. पण चिलरच्या (थंड पाणी पुरवणाऱ्या यंत्राच्या) लाइनमधे 50 टक्के ग्लायकोल (पाण्यात मिसळायचं अँटिफ्रीझ) असेल तर 20 डिग्रीला सीपी 3.3 च्या आसपास येतो, मग 100 किलोवॉट आणि 5 डिग्री फरकासाठी पाणी धरून सेकंदाला 4.8 किलो फ्लो निघतो आणि खरा लागतो 6 किलो, म्हणजे पंप निवडतानाच घोळ झाला.

त्यापेक्षा कूलप्रॉप घ्या, म्हणजे फ्लुइडचे गुणधर्म काढून देणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, एक पैसा लागत नाही (रेफप्रॉप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरला लागतात), पायथनमधून चालतं, एक्सेलमधूनही चालतं. पाणी, रेफ्रिजरंट, ग्लायकोल, ब्राइन (मिठाचं पाणी), थर्मिनॉल 66 सारखं थर्मिक ऑइल, सगळं आहे. तापमान केल्विनमधे आणि प्रेशर पास्कलमधे द्यायचं, सीपी ज्यूलमधे येतो, त्यामुळे पाण्याला 4181 दिसेल, ते बरोबरच आहे. एथिलीन ग्लायकोलचं (यादीतलं MEG) प्रमाण वजनाने द्यावं लागतं आणि सप्लायर पुष्कळदा व्हॉल्यूमने सांगतो, तेवढं आधी विचारून घ्या.

खरी कमाल दिसते ती सीओटूच्या गॅस कूलरला (रेफ्रिजरेशनमधे दाबाखालचा गरम सीओटू थंड करणारा एक्सचेंजर)!! 80 बारला 100 डिग्रीवर सीपी दीडच्याही खाली असतो आणि 35 डिग्रीच्या जवळ आला की असा उसळतो की पाण्याच्या कितीतरी पट वर जातो, आणि पुढे परत खाली. आता इथे इनलेट आउटलेटची सरासरी काढून काय हाती लागणार? कूलप्रॉपमधून थेट एन्थाल्पी (दर किलो फ्लुइडमधली एकूण उष्णता) घ्यायची, एक्सचेंजरचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला एन्थाल्पीच्या फरकावरून हीट काढायची, मग दोन्ही बाजूंची तापमानं मधेच कुठे जवळ येतात तेही दिसतं. माझ्या मते एवढ्या एका कामासाठी सुद्धा हे शिकून घ्यावं.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांसाठी एक सांगतो, उसाचा रस यात तयार मिळत नाही. ज्यूस हीटरला (रस तापवणारा एक्सचेंजर) सीपी ब्रिक्सवरून (रसात विरघळलेल्या घन पदार्थांचे, मुख्यतः साखरेचे, टक्के) हातानेच काढा, ब्रिक्सला 0.006 ने गुणून 1 मधून वजा करा आणि 4.187 ने गुणा, 15 ब्रिक्सला 3.8 येतो.